ती लाइन तू जोडलीस

परवा तुझ्या दहाव्याला कारध्याच्या पुलाशी मी तुझी माणसं परत येण्याची वाट पाहत उभी होते. आम्ही बायका घाटापर्यंत गेलो नव्हतो. तुझा धाकटा भाऊ नारायण सगळ्यांच्या मागून आला. ओलं धोतर एका हातानं सावरत माझ्याजवळ थांबला नि म्हणाला, "शालूताई, एक विचारू का जी? तुम्ही अन् ताई त बोलत नव्हत्या. मंग तुम्ही येवढ्या काहून रडून राहिल्या?"

त्यानं साध्या मनानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. मी त्याला म्हटलं, तू हो पुढं.

आपण बोलत नव्हतो हे खरंच आहे, लीलाताई. लग्नाकार्यात गाठ पडली तर "बरी आहेस?", "बरी आहे" एवढं व्हायचं. पण बोलणं म्हणतात ते नाही. ते चौकशीच्या दुपारी संपलं, आणि परत सुरू झालं ते दवाखान्यातल्या एका भेटीपुरतं. तेवढ्यात सगळं कसं बसणार? तू थकलीस, नर्सनं मला उठवलं, मी म्हटलं, पुढच्या रविवारी येते. रविवार आला तेव्हा तू नव्हतीस.

म्हणून आता बोलते. तू मध्येच मला गप्प करू शकणार नाहीस, हे मला मुळीच आवडत नाही. तुझ्याशी भांडायचं तर समोर तुझं तोंड पाहिजे.

मी ऑपरेटर म्हणून आले तेव्हा शहापूर सोडून कधी एकटी राहिले नव्हते. तालुक्याच्या गावी, पोस्टाच्या मागच्या खोलीत आपलं टेलिफोन एक्स्चेंज. एक पंखा, एक माठ, आणि भिंतीला लागून तो लाकडी बोर्ड. गावात फोन होतेच किती! डॉक्टर, ठाणेदार, तहसील कचेरी, राईस मिलवाले, अडत्ये. कुणी आपल्या फोनची दांडी फिरवली की बोर्डावर त्याच्या नंबराची झडप खडकन् पडायची. दोरीचं एक टोक त्याच्या भोकात खुपसायचं, कळ ओढायची, विचारायचं, "नंबर?" आणि दोरीचं दुसरं टोक तो मागेल त्याच्या भोकात. परगावी बोलायचं असलं तर आपण भंडाऱ्याला मागायचं, भंडारा पुढं मागणार. बसल्या जागी माणसाला माणूस जोडून द्यायचा आणि बोलणं झालं की दोरी उपसून घ्यायची. तेवढंच आपलं काम. तेवढंच, असं तू म्हणायचीस.

पहिल्या दिवशी तू मला तुझ्या शेजारच्या स्टुलावर बसवलंस. पाठ ताठ, कानावरचा हेडफोन असा की अंबाड्याचा एक केस हलू नये. म्हणालीस, "पाह्य शालू. कळ वढली का तुले त्यायचं सगळं आयकू येते. लाइन लागली का नाही, येवढं पाहाले वढायची. लागली का सोडायची. आयकाचं नाही."

"आणि ऐकू आलं तर?"

"आयकू आलं तरी आयकाचं नाही."

मी हसले होते. तू हसली नव्हतीस.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भिलाईहून एक कॉल आला. कारखान्यात काम करणारा आपल्या गावचा एक माणूस गेला होता, आणि लाइन इतकी अशक्त की पलीकडचं बोलणं इकडं पोचेना. मध्ये बसून मलाच ते त्याच्या बापाला सांगावं लागलं. मला रडू फुटलं. तू माझ्या हातातली दोरी घेतलीस, हेडफोन घेतलास आणि राहिलेलं सगळं तू सांगितलंस, हळू, एकेक शब्द वेगळा करून. कळ सोडल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "रडाचं असन त कळ सोडून रड. त्यायच्या कानात नको रडू." ते मी कधी विसरले नाही. मग पुढं पुष्कळ मरणांचे निरोप मी दिले. प्रत्येक वेळी आधी कळ सोडली.

आणि वैनगंगा चढली ते वर्ष. भंडाऱ्याकडच्या तारा पडल्या, फक्त एक लाइन कशीबशी जिवंत राहिली. एक्स्चेंजच्या दारात माणसांची रेटारेटी. प्रत्येकाचं कुणी ना कुणी नदीकाठी. तू दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंस, "आधी दवाखाना, मंग तहसील, मंग ज्याची रांग त्याले. जिवंत आहो अन् कुठं आहो, येवढंच बोलाचं. जास्त बोलला त मी तोडीन." आणि खरोखर तोडत गेलीस. एक लाकडाचा ठेकेदार आपल्या ओंडक्यांची चौकशी करायला लागला, तर त्याचं वाक्य अर्ध्यात कापलंस. तो दारात उभा राहून तुला काय काय बोलला. तू पुढची दोरी लावत होतीस.

तुझी आई कारध्याला होती. अगदी काठावरच्या घरात. मी तुझ्या कानाशी येऊन म्हटलं, "ताई, एकदा आईचं विचारून घे ना. कोणाला कळणार आहे?"

"माही माय बी रांगेतच आहे," तू म्हणालीस.

रांग संपता संपता दिवस मावळला. तेव्हा तू कारध्याच्या दुकानदाराला फोन लावलास. आई शाळेच्या गच्चीवर होती, ठीक होती. ते ऐकल्यावर तू उठून मागच्या अंगणात गेलीस. मी मागोमाग आले नाही. तुला ते आवडलं नसतं.

हे मी आता का आठवते आहे, तुला समजलं असेल. ज्या बाईनं स्वतःच्या आईसाठी नियम वाकवला नाही, तिनं तो वंदनासाठी मोडला. आणि का मोडला ते मला सांगितलं नाही.

लग्नसराई होती. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आपण दोघी बोर्डावर. अडत्या शामरावनं गोंदियाचा कॉल मागितला होता. तो तिथं राहणाऱ्या आपल्या भावाशी बोलणार होता. त्या भावाचा मुलगा सुधाकर इथं शामरावच्या दुकानात बसायचा, आणि त्याचं लग्न एकोडीच्या राईस मिलवाल्या महादेवभाऊंच्या वंदनाशी ठरलं होतं. सगळ्या तालुक्याला माहीत होतं ते. लाइन लागली पण खरखर इतकी की तुला कळ ओढून बसावं लागलं. इकडचं तिकडं पोचतं की नाही ते पाहण्यासाठी.

मी तुझ्याकडं पाहत होते असं नाही. पण तुझं बोट कळीवर होतं ते दाबलं गेलं आणि नख पांढरं पडलं, तेव्हा माझं लक्ष गेलं. तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तू दुसरी एक दोरी उचललीस. ती एकोडीच्या मिलच्या भोकात घातलीस. घंटी दिलीस. पलीकडून महादेवभाऊंचा आवाज आला, पाठीमागं गिरणी चालू होती, म्हणून ते ओरडूनच बोलत, "हां, कोण जी?"

"महादेवभाऊ, लाइनीवर राहा जी. बोलू नका," तू म्हणालीस. आणि दोन्ही कळा एकाच वेळी ओढल्यास.

दोन कळा एकत्र ओढल्या की दोन्ही लाइनी एकमेकींत मिसळतात. असं कधी होऊ द्यायचं नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. मी माझीही कळ ओढली. शामराव बोलत होता.

"लगन होऊन जाऊ द्या. मंग ते बालाघाटवाली काय करते पाहू. तिचा बाप खाणीत गिट्टी फोडते, तो काय कोर्टात जाणार आहे?"

गोंदियाहून भाऊ म्हणाला, "सुधाकर त म्हणते का एकोडीवाल्यायले सांगून टाकू."

"कायले सांगता? एकटी पोरगी आहे त्याले. लगनानंतर समजलं तरी काय करीन तो? नांदाले धाडलेली पोरगी कोणी वापस नेते का?"

तेवढ्यात महादेवभाऊ बोलले. "कोणाची बालाघाटवाली? शामराव, कोणाची?"

शामरावचा श्वास ऐकू आला, आणि मग फोन ठेवल्याचा आवाज. महादेवभाऊ मात्र लाइनीवरच होते. ते रिकाम्या लाइनीत ओरडत होते, "अरे, त्याले बायको आहे? बायको आहे अन् माह्या पोरीशी लगन लावून राहिले तुम्ही?" त्यांच्या पाठीमागची गिरणी कुणीतरी बंद केली. मग तर त्यांचा शब्द न् शब्द त्या शेडमध्ये घुमायला लागला.

तू दोऱ्या उपसल्यास, एकेक करून, आणि जागच्या जागी ठेवल्यास.

"ताई, काय केलंस तू हे?"

"जोडलं," तू म्हणालीस. "मी कोनाले काही सांगतलं नाही, शालू. जोडलं फक्त."

लग्न मोडलं. दुसऱ्या दिवशी महादेवभाऊ आपल्या दारात येऊन हात जोडून उभे राहिले. तू मान वर केली नाहीस. मला वाटलं, संपलं. एका मुलीचं आयुष्य वाचलं, आता चार दिवस चर्चा होईल आणि लोक विसरतील. मला तुझा अभिमान वाटत होता, हे तुला मी तेव्हाच सांगायला हवं होतं. कारण पुढं ते सांगण्यासारखं राहिलं नाही.

आधी वंदना आली. बसनं, सोबत मावशी, पण मावशीला तिनं बाहेरच उभं केलं. हातावरच्या बांगड्यांचे रंग अजून नवे होते.

"तुम्हीच का त्या बाई?"

"हो," तू म्हणालीस.

"मले काहून नाही सांगतलं जी? लगन माहं होतं."

तू तिला समजावलंस की फोन मिलमध्ये आहे, घरी नाही, तिच्यापर्यंत लाइन जात नव्हती.

"तुम्ही एकोडीले येऊ शकत होत्या," ती म्हणाली. "बस येते." मग तिचा आवाज चढला. "बाबाले मिलमंधी समजलं, सगळ्या हमालांसमोर. संध्याकाळपर्यंत घरोघरी झालं. बाबा घरी आले त माह्याकडं पाह्यलं बी नाही त्यायनं. जसं का मीच काही केलं."

 तू तिला पाणी दिलंस, तिनं घेतलं नाही. पुढं तिचं लग्न झालं, लांब, एका बिजवराशी. आधीच्या प्रत्येक स्थळानं विचारलं होतं, "तेच का ते?" ती तिथं कशी आहे हे मी कधी विचारलं नाही. तू विचारलंस का गं कधी? हे दवाखान्यात विचारायचं राहिलं.

मग शामरावची तक्रार गेली. चौकशीला बाहेरगावचे एक साहेब आले. वयस्कर, शांत माणूस. त्यांना कुणाची नोकरी घालवायची हौस नव्हती, हे मला त्यांनी चष्मा पुसला तेव्हाच समजलं. त्यांनी आधी मलाच विचारलं, "जुना बोर्ड आहे. लाइनी एकमेकींत जात असतील?"

मी म्हटलं, "जातात साहेब. रोजच जातात. त्या दिवशी उन्हानं जास्तच."

साहेबांनी मान हलवली. जणू त्यांना हवं ते मिळालं. मग तुझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणजे लाइन क्रॉस झाली. असंच ना, बाई?"

एका शब्दाचं काम होतं, लीलाताई. हो म्हणायचं. तेही नाही, नुसती मान हलवायची.

"नाही साहेब," तू म्हणालीस. "मी जोडली."

त्यांनी आणखी एकदा संधी दिली. "चुकून?"

"नाही. मुद्दाम."

मागच्या अंगणात मी तुला गाठलं. मी किती मोठ्यानं बोलत होते ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर पोस्टमनच्या तोंडाकडं पाहून कळलं. "मी तुझ्यासाठी खोटं बोलले. आणि तू मला त्यांच्यासमोर खोटं पाडलंस?"

"तुले कोनं म्हटलं होतं बोलाले?"

"कुणी म्हणावं लागतं का? एक शब्द बोलायचा होता तुला. एक!"

"तो शब्द माह्याच्यानं निघाला नाही."

"का नाही निघाला?"

तू माझ्याकडं पाहिलंस. तोंड उघडलंसही. मग पदरानं मान पुसलीस आणि आत गेलीस. मला वाटलं, तुला मोठेपणा पाहिजे होता. सगळं जग खोटं आणि लीलाबाई खरी. हे मी तुला बोलूनही दाखवलं, तू दारात असताना. तुझ्या पाठीला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही.

मला साहेबांनी समज देऊन सोडलं. तुला बोर्डावरून उठवलं. पुढं तुझी बदली झाली, दूरच्या एका पोस्टात, तारेच्या खिडकीवर. पण त्याआधीचे महिने तू गावातच होतीस, आणि ते बदलीपेक्षा वाईट होते. तू दुकानात शिरलीस की बोलणं थांबायचं. "लीलाबाई आयकते," एवढं झालं होतं गावात. ज्यांच्या मरणाचे, बाळंतपणाचे, परीक्षांचे निरोप तू इतकी वर्षं पोचवलेस, ते तुझ्यासमोर आवाज खाली आणायचे. नळावर बायका म्हणायच्या, "सोताचं झालं नाही, म्हणून दुसरीचं मोडलं." नारायणाच्या आणि धाकट्या बहिणींच्या शिक्षणात, लग्नांत तुझं लग्न राहून गेलं, हे त्यांना माहीत होतं. माहीत असूनच म्हणायच्या.

आणि मी? बोर्डावर मी एकटी उरले. डॉक्टरांनीसुद्धा एकदा विचारलं, "तुम्ही ऐकत तर नाही ना, बाई?" फोन लावून देताना मी दर वेळी म्हणायला लागले, "कळ सोडली जी." कुणी न विचारता. माझा राग तुझ्यावर निघायचा. तू निघालीस त्या सकाळी बसस्टँडवर मी आले होते. तू खिडकीशी बसलीस. मी म्हटलं, "जपून राहा." तू म्हणालीस, "तू बी." झालं. इतक्या वर्षांचा शेजार तेवढ्यावर मिटला.

मागच्या महिन्यात नारायणानं फोन केला की तू भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहेस आणि माझं नाव काढतेस. मी आले. दुपार होती, खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. पाय सुजलेले. मी स्टूल ओढून बसले. सांगितलं की आता आपल्याकडंही ऑटोमॅटिक येणार म्हणतात, मग आपला बोर्ड काढून टाकतील.

"बरं होईन," तू म्हणालीस. "कोनालेच कोनाचं आयकू नाही येणार."

मग उशीवरून मान माझ्याकडं वळवलीस. आणि म्हणालीस, "तू विचारलं होतं ना वं, तो शब्द काहून नाही निघाला."

"जाऊ दे ताई. जुनं झालं."

"नाही. आयक."

तू सांगितलंस ते असं. सुधाकरचं लग्न ठरायच्याही आधीपासून, दीड-दोन वर्षं, बालाघाटकडच्या एका गावाहून एक कॉल यायचा. पोस्टातून. बाईचा आवाज, तरुण. ती शामरावच्या नंबरावर सुधाकरला मागायची, त्यालाच, दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. असा कॉल आला की आपण आधी विचारायचं, माणूस आहे का. तू विचारायचीस. शामराव फोन घ्यायचा आणि म्हणायचा, "सांगा, बाहेरगावी गेला." पाठीमागं सुधाकर गिऱ्हाइकाशी बोलत असायचा. त्याचा आवाज तुला येत असायचा. आणि तू त्या बाईला सांगायचीस, "पार्टी बाहर गई है." पार्टी नाही म्हणाली की नाही म्हणून सांगायचं, हाच नियम. ती म्हणायची, "अच्छा जी." पुढच्या महिन्यात पुन्हा.

"मले वाटे, कोनी नात्यातली असन," तू म्हणालीस. "मी कधी विचार केला नाही. आयकाचं नाही म्हणून मी आयकलंच नाही, शालू. अन् मंग त्या दिवशी शामराव म्हणाला, बालाघाटवाली. तवा मले समजलं का मी कोनाले नाही म्हणून राहिली होती."

मी तुझा हात धरला. तू तो सोडवून घेतलास, रागानं नाही, तुला पुढचं सांगायचं होतं.

बोर्डावरून उठवल्यावर, बदलीच्या आधी, तू तिकडं गेली होतीस. एकटी, बस बदलत. त्या गावच्या पोस्टात चौकशी केलीस. तिथल्या बाबूला आठवलं, दर महिन्याला फोन लावायला येणारी. गायत्री तिचं नाव. शाळेमागच्या गल्लीत शिवणकाम करायची. तू तिच्या दारात उभी राहिलीस आणि "नमस्ते" म्हणालीस. एवढंच. ती मशीनवरून उठली.

"आप फोनवाली दीदी हैं न?"

नुसत्या आवाजावरून.

तू तिला खरं काय ते सांगितलंस. सुधाकर प्रत्येक वेळी तिथंच होता, तेही. ती म्हणाली, "मुझे मालूम था. आप जब 'बाहर गई है' बोलती थीं, आपकी आवाज़ अटक जाती थी. मैं समझ जाती थी कि वो वहीं बैठे हैं. इसीलिए तो रुकी रही मैं. सोचती थी, हैं तो सही. किसी दिन ले लेंगे फोन."

हे सांगताना तू कळ सोडली नाहीस, लीलाताई. माझ्यासमोर रडलीस. मी तुला इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहत होते.

"तिचे दोन वर्सं माह्या आवाजानं खाल्ले," तू म्हणालीस. "मी साफ खोटं बोलली असती, तरी ते उठून आपल्या वाटेनं गेली असती. नाही त खरं सांगाचं होतं. मी मधातच राहिली." आणि मग, "ते साहेब विचारून राहिले होते, क्रॉस झाली ना बाई. मले वाटलं, त्या खुर्चीवरून आता अजून एक खोटं नाही."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुले सांगतलं असतं त तू म्हटलं असतं, तुही काही चूक नाही, नियम होता. मले ते आयकाचं नव्हतं."

हे खरं आहे. मी तेच म्हटलं असतं. आणि आताही म्हणते. तू ते बोलली नसतीस तर शामरावनं दुसऱ्या कुणाकडून तेच बोलवून घेतलं असतं. पण मी हेही म्हणते, आणि हे दवाखान्यात तुझ्या सुजलेल्या पायांकडं पाहून माझ्यानं बोलवलं नाही: वंदनाच्या वाट्याला जे आलं ते गायत्रीसाठी आलं. तुझ्या मनातल्या एका बाईचं देणं तू दुसरीच्या बापाला भर मिलमध्ये फोन लावून फेडलंस. घाई केलीस. बालाघाटपर्यंत बस बदलत जाणारी तू, एकोडीला जाऊ शकत होतीस. वंदना बरोबर बोलली होती. तुला ते माहीत होतं का? असणारच. म्हणून तर तू तिला नुसतं पाणी पुढं केलंस.

आणि एवढं सगळं म्हणूनही, त्या दुपारी तू ती लाइन जोडली नसतीस, कळ सोडून पाण्याचा पेला तोंडाला लावला असतास, तर मी तुला आयुष्यभर काय समजले असते? हेही मला सांगता येत नाही. भांडण दोन्ही बाजूंनी मीच भांडते आहे. थकायला होतं.

दहावा आटोपल्यावर नारायणाला विचारलं, गायत्रीला कळवलंत का. त्याला ती कोण हेच माहीत नव्हतं. तू घरात कुणालाच सांगितलं नव्हतंस. तिला फोन नाही. मग काल मी गेले. सकाळच्या बसनं, तू गेली होतीस तशीच, बस बदलत.

शाळेमागची गल्ली सापडायला वेळ लागला नाही. ती आता चाळिशीकडं आली आहे. दोन मुली तिच्या हाताखाली शिकत होत्या. मी कोण ते सांगितलं, कुठून आले ते सांगितलं. माझा आवाज तिनं ओळखला नाही. तिचा कॉल कधी माझ्या हातात आला नसावा, किंवा तिला मी आठवले नसेन. मी म्हटलं, "वो दीदी, जो आपसे मिलने आई थीं. वो नहीं रहीं."

तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. मुलींना बाहेर पाठवलं. मला पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. ती रडली नाही. कापडाच्या कडेचा निघालेला एक धागा ती बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, आता ती तुला बोल लावेल. किंवा माफ केलं म्हणेल. दोन्हीसाठी मी तयारी करून गेले होते, लीलाताई. तुझ्या बाजूनं काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून ठेवलं होतं.

तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. धागा तोडला आणि विचारलं, "नाम क्या था उनका?"

मला आधी कळलंच नाही. मग समजलं. दोन वर्षं तिनं तुझा आवाज ऐकला, तू तिच्या दारात जाऊन उभी राहिलीस, इतकं बोलणं झालं, आणि त्यात कुठंही तू तुझं नाव सांगितलं नव्हतंस.

मी तिला तुझं नाव सांगितलं. पूर्ण, तुझ्या वडिलांच्या नावासकट, कारधा गावासकट. तिनं ते नीट पाठ होईपर्यंत मला परत परत म्हणायला लावलं.